हुकमाची दुर्री

टेलरमास्तरांच्या दुकानात बोटभर कापड वाया जात नाही. लोकांना त्याचं कोण कौतुक! मला नाही. हा माणूस पत्तेही तसेच चिकटपणानं खेळतो, जीभ मात्र सढळ हातानं चालवतो. आमच्या क्लबात त्यांच्या जोडीला एकही भिडू टिकला नाही. उरल्या त्यांच्या विधवा वहिनी, ज्यांनी त्यांना ब्रिज शिकवला.

माझे भिडू डॉक्टर बदलीवर निघाले होते, म्हणून माझ्या भिडू व्हाल का, असं मी वहिनींना विचारून ठेवलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, "भावजींना एकटं टाकवत नाही हो."

त्या रविवारी डॉक्टर आणि मी मास्तर-वहिनींविरुद्ध बसलो. इस्पिक हुकूम, मास्तरांना दहा हात करायचे होते. वहिनी डमी, म्हणजे पानं उघडी मांडायची आणि तोंड बंद ठेवायचं, तसा नियमच आहे. त्यांच्या पानांत चौकटचे राजा, राणी, गुलाम. मास्तरांकडे चौकटचा नुसता एक्का. तो खेळून झाल्यावर त्या तिघांपर्यंत पोचायची वाट एकच होती: मास्तरांनी हुकमाची दुर्री टाकायची आणि वहिनींच्या पंजीनं ती जिंकायची.

बदामाचा पहिला हात आम्ही घेतला आणि मी परत बदामच लावला. मास्तरांकडचे बदाम संपले होते. हातात दश्शीपासून एक्क्यापर्यंत हुकूमच हुकूम, पण लहानानं भागतंय तर मोठं कशाला, म्हणून गड्यानं दुर्री मारली. वहिनींचा हात टेबलावरून जरासा उचलला गेला. मग त्यांनी तो मांडीवर ठेवला.

मास्तरांनी आमचे हुकूम काढले, चौकटचा एक्का घेतला आणि थबकले. आता पंजीखाली टाकायला त्यांच्याकडे काहीच नव्हतं. राजा, राणी, गुलाम जागच्या जागी बसून राहिले आणि तीन हात कमी पडले.

"असल्या पानांवर बोली एवढी वर नेतं का कोणी?" मास्तर कडाडले. "डोकं घरी ठेवून येता का, वहिनी?"

आजूबाजूच्या टेबलांवरचा खेळ थांबला.

"मास्तर," डॉक्टर हळूच म्हणाले, "दश्शी मारली असतीत तर दुर्री उरली असती. वाट तुमच्याच हातात होती."

मास्तरांनी पानं उलटून पाहिली. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाले. शरमेनं त्यांना मान वर करवेना. "तुम्हाला दिसलं होतं?" त्यांनी वहिनींना विचारलं.

"दिसलं होतं. डमीनं बोलायचं नसतं."

"चुकलं माझं, वहिनी. खेळात चुकलो."

"खेळात कोणीही चुकतं, भावजी," वहिनी म्हणाल्या. "पण चारचौघांत मला बोललात, ते?"

मास्तर पत्ते पिसू लागले. वहिनींनी चष्मा काढला, पुसला आणि माझ्याकडे वळल्या.

"तुम्ही विचारलं होतंत ना? पुढच्या रविवारपासून येते मी."

मला आनंद व्हायला हवा होता. पण मास्तरांनी पिसलेला गठ्ठा वहिनींपुढे वाटायला धरला होता, आणि त्यांनी तो घेतला नव्हता.