कोंड्यातला फोन

चामोर्शीत गफ्फार घडीवाल्याचं दुकान कुठे, असं विचारू नये. विचारलंत तर लोक तुम्हाला परगावचे समजतील आणि वांगी तुमच्या पिशवीत किडकी पडतील. दुकान म्हणजे बाजाराच्या तोंडाशी एक टपरी, आत दोन माणसं बसली की तिसऱ्यानं पाय बाहेर ठेवायचे. पण गफ्फारभाऊंचा ताठा त्या टपरीत मावत नव्हता. जन्मभर त्यांनी घड्याळं दुरुस्त केली. सासऱ्यानं दिलेली, नदीत पडलेली, बैलानं तुडवलेली, सगळी. उघड्या घडीवर कोणी वाकलं की मान वर न करता ते म्हणायचे, "हात मागं घ्या." समोर पाटील असो की कचेरीतला साहेब, हात निमूट मागे जायचा. कामापुढे कोणाची पत्रास ठेवायची नाही, हा त्यांचा बाणा होता.

पण काळ काही कोणाच्या बापाचा गडी नाही. लोकांची मनगटं ओकी झाली, वेळ फोनात जाऊन बसली, आणि त्यातच गफ्फारभाऊंची बोटं थरथरायला लागली. पहिल्यांदा स्क्रू निसटला तेव्हा ते म्हणाले, चिमटा खराब आहे. नवा चिमटा आणला, त्यातूनही निसटला. त्या दिवशी ते लवकर घरी आले आणि तो चिमटा बायकोपुढे, शमसुन्निसाबींपुढे, ठेवला. तिनं तो उचलून ठेवला आणि चहा केला.

धाकटा भाऊ अजीम गावोगाव बांगड्या विकायचा. त्याचा त्या जागेवर डोळा होता, आणि त्यात त्याचं काही चुकत होतं असंही नाही. "भाईजान, आता आराम करा. टपरी मले द्या, मी बांगड्या लावतो," तो म्हणाला. गफ्फारभाऊंनी जबान दिली. येत्या आठवडी बाजाराच्या संध्याकाळी किल्ली अजीमला द्यायची, असं ठरलं.

यात एकच अडचण होती आणि तिचं नाव निशात. गफ्फारभाऊंची ही मुलगी चंद्रपूरला जाऊन मोबाइलची दुरुस्ती शिकून आली होती. घरात तिनं इतके मेलेले फोन उघडून ठेवले होते की भाकरीच्या परातीतसुद्धा एखादा स्क्रू सापडायचा. बापाला त्याचं काडीचं कौतुक नव्हतं. "मोबाइलात काय हाय? जुनं काढलं, नवं बसवलं. यात कारीगरी कुठी?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

निशात भांडली नाही की रडली नाही. बाजाराच्या सकाळी ती एवढंच म्हणाली, "अब्बा, किल्ली द्याच्या आंधी आजचा बाजार मले बसू द्या. संध्याकाळी तुमाले वाटलं का हे काम नाई, त मीच चाचांच्या हातात किल्ली देते."

गफ्फारभाऊ खिशातली किल्ली चाचपत राहिले. तेव्हा शमसुन्निसाबी आतून म्हणाल्या, "द्या ना बसू. एका बाजारानं तुमची दाढी नाई झडत."

तर अशा रीतीनं निशात टपरीत बसली आणि बाप शेजारी स्टुलावर, परीक्षा घ्यायला आलेल्या माणसासारखा. सकाळ फुकट गेली म्हणायची. एक जण फोनचं कव्हर घेऊन गेला, एका पोरानं काच चिकटवून घेतली. गफ्फारभाऊंनी ते बघून नाकातून हवा सोडली. "हे त टिकली लावाचं काम झालं," ते म्हणाले. निशातनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं, पण तिचे कान लाल झाले.

दुपार कलली आणि कमळाबाई आल्या. जवळच्याच खेड्यातल्या, धानवाल्या. रोवण्याचे, म्हणजे भातलावणीचे दिवस, त्यामुळे पायाला पोटरीपर्यंत चिखल वाळलेला. त्यांनी कमरेची पिशवी सोडून पदरात गुंडाळलेला फोन काढला आणि निशातला ओलांडून थेट गफ्फारभाऊंच्या हातात दिला.

"गफ्फारभाऊ, तुमीच पाहा. पलीकडच्या दुकानात म्हणते, हा मेला, नवा घ्या."

"काय झालं याले?"

कमळाबाईंनी सांगायला सुरुवात केली. त्यांची मुलगी दिव्यानी पोलीस झाली, तिकडे भामरागडकडे नेमणूक मिळाली. वर्दीतला तिचा फोटो कमळाबाईंच्या फोनात होता आणि तो फोटो न दाखवता त्यांचा दिवस जात नव्हता. गाव बघून झालं होतं, पाहुणे बघून झाले होते. रोवणा सुरू झाला तशा त्या बांधीत, धानाच्या चिखलात, उतरल्या, आणि शेजारच्या गावाहून आलेल्या बायांनी अजून तो फोटो पाहिलेला नाही हे त्यांच्या ध्यानात आलं. एका हातात धानाचं रोप, दुसऱ्या हातात फोन. हात ओला, फोन गुळगुळीत. गेला चिखलात.

"मंग?" निशातनं विचारलं.

"मंग आमचे हे म्हणे," कमळाबाई म्हणाल्या. हे म्हणजे नवरा वारलू. "लोकं वला फोन तांदळात ठेवते. पण तांदळाहून कोंडा जास्त पाणी पेते. म्हणून कोंड्याच्या डब्यात गाडला. वरून दाबून."

गफ्फारभाऊ हसले. निशात हसली नाही. "असे लय येते रोवण्यात," ती म्हणाली. "बाई, कोंड्यातून काढल्यावर बटन दाबलं?"

"दाबलं ना. मी दाबलं, यायनं दाबलं, पोरानं, निकेशनं दाबलं. जो घरी आला त्यानं दाबलं."

"आन चार्जिंगले लावला?"

"लावला. काईच नाई."

"द्या इकडं," निशात म्हणाली.

कमळाबाईंनी गफ्फारभाऊंकडे पाहिलं. गफ्फारभाऊंनी आपल्या बोटांकडे पाहिलं. मग त्यांनी फोन मुलीपुढे ठेवला, जरा जोरातच.

निशातनं पहिल्यांदा सिमकार्ड काढलं, आपल्या साध्या फोनात घातलं आणि तो कमळाबाईंच्या हातात दिला. "पोरीचा फोन आला त इथं बोला. यात तोंड नाई दिसणार, पण आवाज येईल." मग तिनं मागचं झाकण गरम करून सोडवलं. आत पाहिलं तर वारलूभाऊंची अक्कल जागोजागी चिकटलेली. कोंडा पाणी प्यायला होता खरा, पण पाणी पिऊन तो स्वतःच लापशी होऊन बसला होता. चार्जिंगच्या भोकात तो इतका घट्ट ठासला होता की पिन वर वर टेकत होती, आत शिरतच नव्हती.

तिनं बॅटरीची तार सुटी केली. भिंग डोळ्याला लावलं. मऊ ब्रश स्पिरिटमध्ये बुडवून एकेक कोपरा पुसला, मग सुई घेऊन त्या भोकातून कोंडा काढायला बसली. तांबूस भुगा निघाला, मग चिखल निघाला, मग तुसाची एक काडी निघाली. घाई नाही. भोकातल्या बारीक पितळी काट्याला सुई लागली तर फोन कायमचा जाईल, हे गफ्फारभाऊंना न सांगता कळलं. ते नकळत स्टूल सरकवून जवळ आले होते. मुलीनं श्वास रोखला की तेही रोखायचे. खोटं कशाला सांगू, त्या घटकेला त्यांना टपरी, अजीम, जबान, कशाचीच आठवण नव्हती.

तिनं बॅटरीला मीटर लावलं. "मेली नाई. साफ रिकामी झाली. सगळ्यायनं बटन दाबून दाबून जे थोडं होतं ते पण पिऊन टाकलं." तिनं जोडणी केली, चार्जर लावला आणि हात पुसून मागे टेकली. पडदा काळाच्या काळा.

"काईच होऊन नाई राह्यलं," कमळाबाई म्हणाल्या.

"होते. आता बटनाले कोणी हात लावाचा नाई. बाई, तुमी रोपासाठी धानाचे परे टाकता, मंग बी उगवलं का नाई म्हणून उकरून पाह्यता का?"

"नाई बा."

"तसंच हाय."

कमळाबाईंना ते पटलं. बाजाराला मात्र पटलं नाही. टपरीपुढे चार माणसं जमली होती, त्यातला लटारू चहावाला म्हणाला, "गेला तो. पलीकडचा खरंच बोलला होता." दुसऱ्यानं मान डोलवली. आणि नेमका तेव्हाच अजीम हातगाडीवर बांगड्यांची खोकी लादून आला. गाडी लावली, खोकी उतरवायला घेतली. काचेचा किणकिणाट सुरू झाला. निशातची नजर खोक्यांवरून फोनावर आणि फोनावरून खोक्यांवर जात होती.

ती नजर गफ्फारभाऊंनी पाहिली. पोरगी हरू नये, एवढंच त्यांच्या मनात आलं. फोन आता सुरू होत असेल, दाखवून टाकू सगळ्यांना, म्हणून त्यांनी हात पुढे केला आणि बटन दाबलं. पडदा उजळला, फोन एकदा थरथरला आणि पुन्हा विझला.

"अब्बा, हात मागं घ्या."

ती ओरडली नाही. मान वर करूनही पाहिलं नाही. पण चार माणसांत, भर बाजारात, गफ्फार घडीवाल्याला असं आजवर कोणी बोललं नव्हतं. लटारूच्या हातातला चहा ओतायचा राहिला. अजीम हातात खोकं घेऊन तसाच उभा. गफ्फारभाऊंचं तोंड तापलं. आता ते उठतात आणि पोरीच्या कानाखाली जाळ काढतात, असंच सगळ्यांना वाटलं.

त्यांनी हात मागे घेतला.

राग आला होता, येणारच. पण रागाच्या मागोमाग दुसरंच काहीतरी छातीत चढत आलं. हा आवाज त्यांच्या ओळखीचा होता. बापाला भीत नव्हता, गर्दीला भीत नव्हता, फक्त पुढ्यातल्या कामाला जपत होता. असा आवाज शिकवून येत नाही. ज्याला काम येतं त्यालाच तो येतो, हे त्यांच्याइतकं त्या बाजारात कोणाला ठाऊक असणार? आपण हिला काम नाही म्हणत होतो, या विचारानं त्यांना लाज वाटली, आणि लाजेहून जास्त अभिमान वाटला. डोळे भरले ते त्यांनी उन्हावर घातलं, जरी आभाळ भरून आलेलं होतं.

मग त्यांनी राखण सुरू केली. कोणी फोनाकडे बोट नेलं तरी गफ्फारभाऊ त्याच्यावर डोळे वटारायचे. लटारूनं "झालं का?" विचारलं, तर त्याला चहा आणायला पिटाळलं. निशात तेवढ्यात दुसऱ्या गिऱ्हाइकाचं सिम बसवत होती. बाजार उतरणीला लागला, भाजीवाल्या टोपल्या आवरू लागल्या. मग काळ्या पडद्यावर बॅटरीचं चित्र उमटलं, त्यात तळाशी एक बारीक रेघ. निशातनं तेव्हाही बटन दाबलं नाही. रेघ थोडी वर चढू दिली. आणि मग, आपल्या मर्जीनं, दाबलं.

फोन सुरू झाला. पडद्यावर वर्दीतली दिव्यानी, टोपी सरळ, हनुवटी वर.

कमळाबाईंनी फोन चालतो का नाही हे तपासलंसुद्धा नाही. पहिल्यांदा तो लटारूच्या नाकासमोर धरला. "हे माही पोरगी. पोलिसात हाय." मग अजीमला दाखवला, मग टोपली आवरणाऱ्या बाईला. निशातनं हसत त्यांचं सिम परत घातलं आणि बजावलं, "बाई, आता बांधीत नका दाखवू. कोरड्या धुऱ्यावर बसून दाखवा."

अजीमनं घसा साफ केला. "भाईजान, मी खोकी आत लावू?"

"नको लावू."

"तुमी जबान देली होती."

"देली होती," गफ्फारभाऊ म्हणाले. "आज पह्यल्यांदा फिरवून राह्यलो. तुले राग येईल, येऊ दे. चार लोकं नावं ठेवतीन, ठेवू दे. टपरी रिकामी नाई, अजीम. इथी मिस्त्री बसते."

अजीमनं टपरीत पाहिलं. निशात खाली मान घालून सुया पुसत होती, पण एकच सुई ती पुन्हा पुन्हा पुसत होती. अजीमनं एक खोकं गाडीवर परत ठेवलं, मग दुसरं. "मंग आधीच सांगाचं होतं," एवढं म्हणाला, आणि जाताना आपला बिघडलेला फोन खिशातून काढून पुतणीपुढे ठेवून गेला.

कमळाबाई पिशवी कमरेला बांधून निघाल्या. जाता जाता वळल्या. "गफ्फारभाऊ, सारी चामोर्शी म्हणते ते खरं हाय. तुमच्या हाताले तोड नाई."

गफ्फारभाऊ स्टुलावरून उठून उभे राहिले, सगळ्या बाजाराला ऐकू जावं अशा आवाजात बोलण्यासाठी.

"माहा हात नाई लागला, कमळाबाई. लागला तवा बिघडलंच होतं. फोन तिनं केला. मी तिचा बाप हाय."