लिंबावरचा सुरवंट आणि पुण्याचे सर

तमिळ मुलखातल्या कुंभकोणमच्या कॉलेजात मी माळी होतो. बागेत पाचोळा साठतो तसे किस्से साठतात. पाचोळा निदान जाळता तरी येतो!

सन पन्नासच्या पुढची गोष्ट. पुण्याहून किड्यांचे एक सर आले, हंगामी नोकरीवर. प्रिन्सिपॉलनी अट घातली, "एक सुरवंट पाळा, कुठलं फुलपाखरू निघणार ते आधी सांगा, आणि काढून दाखवा. मग कायम करतो."

सरांनी माझी मराठी ऐकली. "राव, ही तर तीनशे वर्षांपूर्वीची मराठी!"

"मग? आमचे लोक तेव्हाच मराठी फौजेबरोबर इथं आले. नवी आणायला तिकीट कोण देतो?"

(इथं आम्हा मराठी लोकांना सगळे राव म्हणतात. माळ्यालासुद्धा!)

*

सरांनी लिंबाच्या पानासकट सुरवंट डबीत ठेवला. तीन दिवस भिंग लावून वही भरली. "हा हालत कसा नाही हो?"

मी पाहिलं. "सर, ही चिमणीची शीट आहे."

दुसऱ्या दिवशी मी खरा सुरवंट दाखवला. कोवळेपणी तो दिसतोच तसा. सर चिडले, "पुन्हा शीटच!" आणि बोट लावलं. सुरवंटाच्या डोक्यामागून दोन लाल शिंगं बाहेर!

सर ओरडले, "राव, शिटेला शिंगं फुटली!"

*

शिपाई मुरुगेसनला सरांनी मोडक्या तमिळमध्ये विचारलं, हा खातो काय? तो म्हणाला, "इलै." म्हणजे पान. सरांनी ऐकलं "इल्लै." म्हणजे नाही. वहीत लिहिलं, काही खात नाही. डबीतलं पानही काढून टाकलं!

मुरुगेसनला दया आली. सरांची पाठ वळली की लिंबाची कोवळी पानं आत टाकायचा. सुरवंट बोटाएवढा, हिरवागार झाला. सर सगळ्यांना सांगत, "बघा, नुसत्या हवेवर वाढतोय!"

शेवटी मीच तोंड उघडलं. सरांनी वहीचं पान फाडलं आणि मुरुगेसनला कॉफी पाजली.

*

मग एके दिवशी डबी रिकामी! सर ट्रंक भरायला लागले. तेवढ्यात मुरुगेसन धावत आला. शेजारच्या खोलीत, प्रिन्सिपॉलच्या खुर्चीच्या हाताखाली कोष लटकलेला!

प्रिन्सिपॉल कडक माणूस. वाकून पाहिलं. "काय निघणार?"

"लिंबाचं फुलपाखरू, सर. काळं-पिवळं."

"नाही निघालं तर?"

"मी निघेन, सर."

प्रिन्सिपॉलनी स्वतःसाठी स्टूल मागवलं.

दहाव्या दिवशी तेच बागेत आले, धापा टाकत. "राव, निघालं! काळं-पिवळंच!"

"मग करा की सरांना कायम!"

"करतोच आहे हो! पण ते नेमणुकीच्याच कागदावर बसलंय, पंख वाळवत. सही कुठं करू?"