मागाशेजारचं स्वगत

सुताला लावायच्या खळीचा आंबूस वास आला की सत्तरच्या दशकातलं आमचं सोलापुरातलं घर आठवतं. एकाच खोलीत भाड्याचे दोन यंत्रमाग होते आणि उरलेल्या जागेत आम्ही जेवायचो, झोपायचो. वडील माग चालवायचे, आई सुताच्या कांड्या भरायची. बी.ए. झाल्यावर मी नाट्यशिक्षणाच्या पुढच्या पदवीला अर्ज केला. निवडीसाठी एक स्वगत करून दाखवायचं होतं. मी चिडलेल्या राजाचं निवडलं, कारण तालीम मागाशेजारीच व्हायची आणि तिथं हळू बोललेलं माझं मलाच ऐकू येत नसे. दमलेले वडील म्हणायचे, “कुणाला दम देतोस रं? मागाला व्हय?” परगावी झालेल्या निवड परीक्षेत पहिल्याच वाक्याला एका परीक्षक बाईंनी कानांवर हात ठेवले. “अहो, आम्ही इथंच बसलोय. घरी कुणी बहिरं आहे का?” मी म्हणालो, “घरी माग आहेत.” त्या हसल्या नाहीत. “मग माग थांबल्यावर हा राजा कसा बोलेल, ते दाखवा.” रात्रभरच्या प्रवासानं माझ्यात ओरडायचं त्राण उरलंच नव्हतं. वीज गेली की वडील मागाला टेकून जसे बोलत, तसा मी जमिनीवर बसून, थांबत थांबत बोललो. मला प्रवेश मिळाला. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी, आणि नाटकावर पोट भरणाराही पहिलाच.