मातीतला खडा आणि घरातला दगड

"चाळणी धरलीस तर हाताची मेंदी उतरेल का रे तुझ्या?" मडक्यांच्या भट्टीमागे सासूबाई कडाडल्या.

"माती कशाला चाळायची? भट्टीत सगळं भाजून निघतं," धाकट्याने उलट उत्तर दिलं.

वहिनी तेव्हा नवी नवरी. भिंतीआडून हे ऐकलं आणि ती मनात म्हणाली, हा एक दगड मला जन्मभर पुरणार.

दगड म्हणजे तिचा धाकटा दीर. गल्ली त्याला प्रोफेसर म्हणे, कारण साऱ्या दगडांची वंशावळ त्याला पाठ. न्हाव्याच्या खुर्चीत बसला की तुरटीपासून सुरू व्हायचा. मग गेरूची लाली लोखंडाच्या गंजाची. मग शंखजिरं, नखाने ओरखडा उठेल इतकं मऊ, त्याचीच अंगाला लावायची पावडर होते. नदीतला गोटा म्हणे डोंगराचा तुकडा, लोळून लोळून गुळगुळीत झालेला. लोळायचं त्याला फार कौतुक. स्वतः जन्मभर तेच केलं, गुळगुळीत काही झाला नाही.

त्याला काम एकच. खाणीवरून माती आणायची आणि चाळून द्यायची. आणायचा. पुढचं अंगावर यायचं. मातीत चुनखडीचे बारके खडे असतात. भट्टीतून निघताना भांडं गोजिरं दिसतं, पण नंतर ओल लागली की आतला खडा फुगतो आणि टवका उडवतो. हेही त्याने न्हाव्याला दोनदा समजावलं होतं. वाकून खडा वेचणं तेवढं राहिलं.

नवरा गेल्यावर चाक वहिनीच्या हाती आलं. मोठं गिऱ्हाईक एकच, रोपवाटिकेवाला. तो तुटला की भट्टी विझली. एकदा त्याच्या कुंड्यांची घाई होती. "चाळली, वहिनी, दोनदा चाळली," दीर म्हणाला आणि तिने विश्वास ठेवला. बाई शहाणी, पण थकलेली होती.

पावसाळा सरला आणि रोपवाटिकेवाला कुंडी काखेत मारून दारात उभा राहिला.

"बाई, तुमच्या कुंड्यांना देवी आल्यात की काय? तोंडभर व्रण!"

वहिनी काही बोलायच्या आत प्रोफेसर पुढे सरसावला. "ही चुनखडी. ओलीने फुगते. निसर्गाचा नियम आहे."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"ठाऊक म्हणजे? या गल्लीत मलाच तर ठाऊक आहे!" छाती अशी काढली, जणू सत्कारच चाललाय.

वहिनीने त्याला कोपराने बाजूला सारलं. "दादा, सगळ्या कुंड्या बदलून देते. माती मी स्वतः चाळीन."

"एवढी एकच संधी, बाई."

तेव्हापासून चाळणी तिची. खांदे भरून यायचे, पण कुंडीचा टवका पुन्हा उडाला नाही आणि गिऱ्हाईक टिकलं. प्रोफेसर गल्लीभर सांगत सुटला, "वहिनीला माझी विद्या अखेर पटली."

पुढे प्रोफेसरही गेला. मेल्यावर माणूस चांगला होतो म्हणतात. याच्या बाबतीत तेही जमलं नाही. मरायच्या आदल्या दिवशी तो हातगाडी घेऊन खाणीवर गेला आणि माती आणून ऐन दाराच्या मधोमध ओतली. ढिगातून एक खडा वर आला होता, तो चिमटीत धरून किती जुन्या काळातला ते वहिनीला ऐकवलं. मग तो परत मातीत टाकला, हात झटकले आणि चहा मागितला.