गाडी वळते तो किनारा

"अक्का, एक मिनिट थांबा," मी म्हणालो, आणि घागरीच्या तोंडावरचं फडकं सोडणारा त्यांचा हात थांबला.

हे वाक्य मी बोललो नसतो तर ही गोष्ट तिथेच, घोघल्याच्या वाळूत संपली असती. मला लिहायला काही उरलं नसतं आणि फार बरं झालं असतं.

मी तेव्हा जळगावच्या एका ट्रॅव्हल्समध्ये टूर मॅनेजर होतो. टूर मॅनेजर म्हणजे कुणी सुटाबुटातला साहेब नव्हे. ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसायचं, माणसं मोजायची, धर्मशाळेत खोल्यांवरून होणारी भांडणं मिटवायची आणि घाटात कुणाला मळमळलं की पिशवी पुढे करायची. नव्वदच्या आसपासची गोष्ट. उन्हाळ्याच्या सुट्टीत आमची 'सौराष्ट्र दर्शन' निघायची. द्वारका, सोमनाथ, गिरनार आणि त्यात एक दिवस दीव. देवासाठी म्हातारी माणसं यायची आणि दीवसाठी त्यांची मुलं. गुजरातची दारूबंदी दीवच्या नाक्यावर संपते, हे मुलांना पाठ असायचं.

दीव हे बेट. किनारे चार-पाच. लोकांना वाटतं आम्ही समुद्र बघून किनारा निवडतो. छे. आम्ही टर्निंग बघतो. टर्निंग म्हणजे बस वळायला जागा. चक्रतीर्थ देखणं, पण तिथे खडकांतून उतरावं लागतं आणि म्हाताऱ्यांचे गुडघे बोलायला लागतात. गोमतीमाताला लाटा मोठ्या आणि चहाची टपरीही नाही. घोघला पुलाच्या अलीकडे, नाक्याला लागून, लांबलचक, उथळ. नागव्याला मात्र टर्निंग ऐसपैस, बायकांना कपडे बदलायला आडोसा, नारळवाले हजर. आमच्या शेठचा हुकूम होता, "दीव म्हणजे नागवा. प्रयोग नकोत."

त्या दिवशी घोघल्याला आम्ही थांबलो ते किनाऱ्यासाठी नव्हे, नाक्यावर टॅक्स भरायला. ड्रायव्हर गफूरभाई कागद घेऊन खिडकीशी गेले. पॅसेंजर पाय मोकळे करायला उतरले. त्यात नाना आणि अक्का होते.

हे दोघे चाळीसगावकडचे, गिरणाकाठच्या एका खेड्यातले. साठीच्या पुढचे. अक्का निघाल्यापासून एक मातीची घागर मांडीवर घेऊन बसल्या होत्या. तोंडाला फडकं बांधलेलं, आत पाणी. धुळ्यापासून मी त्यांच्या मागे लागलो होतो. "अक्का, डिकीत ठेवू, गवतात नीट बसवतो." त्या मान हलवायच्या. सुरतेच्या पुढे एका खड्ड्यात पाणी हिंदकळलं आणि शेजारच्या बाईंचं पातळ भिजलं, तेव्हा तर मी आवाजही चढवला. अक्का फडकं घट्ट करत राहिल्या. मला वाटलं, असेल काही सोवळं. विचारायचं सुचलं नाही.

ते घोघल्याला कळलं. वाळूच्या कडेला एक ताड होता. दीवला ताडाची एक वेगळीच जात आहे, बुंधा मध्येच फाटतो आणि त्याला दोन माथे फुटतात. नाना ते झाड बघून उभेच राहिले. मग बायकोला म्हणाले, "हाई बघ. दोन तोंडनं ताडनं झाड."

अक्का सरळ पाण्याकडे चालायला लागल्या. मी नानांना विचारलं, काय आहे हे.

"आम्हना पोऱ्या आठे बुडना, भाऊ," नाना म्हणाले.

मुलगा आयटीआयला होता. चार उन्हाळ्यांपूर्वी वर्गातल्या पोरांनी मिळून बस केली आणि ते सौराष्ट्र बघायला निघाले. दीवला हा पाण्यात गेला तो परत आलाच नाही. शरीरही मिळालं नाही. गावातले दोघे येऊन चौकीत सही करून गेले. कागदावर 'समुद्रात बुडून' एवढंच लिहिलं होतं. कागदाला किनाऱ्याचं नाव लागत नाही. बरोबरच्या पोरांना विचारलं तर त्यांनाही सांगता येईना. एक जण म्हणाला, "बस थांबनी, उतरनूत, पानीमा गऊत. नाव कोन इचारस?" त्याला तेवढं दोन तोंडांचं झाड आठवत होतं.

आणि आम्ही घोघल्याला थांबलो तो दिवस आखाजीचा होता. अक्षय्य तृतीया बाकी महाराष्ट्रात सोनं घेण्याची असेल. आमच्या खानदेशात ती पितरांची. घरोघरी गेलेल्यांच्या नावानं नवी घागर भरतात, वर खरबूज ठेवतात. उन्हाळ्यात त्यांना पाणी मिळावं, एवढाच त्याचा अर्थ. अक्कांनी चार वर्षं मुलाची घागर भरली नव्हती. प्रेत पाहिलं नाही तर घागर कशाची, म्हणायच्या. यंदा त्याच तयार झाल्या. पण घरी भरून त्याला पोचणार नाही, तो खाऱ्या पाण्यात आहे, त्याला घरच्या विहिरीचं गोड पाणी तिथेच नेऊन द्यायचं, असं त्यांनी ठरवलं. आमच्या जाहिरातीत दीवचा दिवस नेमका आखाजीला आला होता, म्हणून त्यांनी आमची बस धरली. सोमनाथाशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं.

मला भरून आलं. आणि भरून आलं की माणूस मदत करायला धावतो. मी धावलो.

"अक्का, एक मिनिट थांबा. अशी झाडं इथे सगळीकडे आहेत. नागव्याला तर रांगच्या रांग आहे. घाई करू नका."

खोटं काहीच नव्हतं. माझा धंदाच होता तो, मला प्रत्येक किनारा ठाऊक होता. अक्कांनी माझ्याकडे पाहिलं आणि फडक्याची गाठ पुन्हा आवळली.

मी एसटीडी बूथवरून शेठना फोन लावला.

"शेठ, एक-दोन बीच जास्त करावे लागतील."

"का? नागवा आटला का?"

मी सांगितलं. शेठनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "वाईट झालं रे. पण बाकीच्यांचं काय? संध्याकाळी सोमनाथला खोल्या सांगितल्यात. उशीर करू नकोस."

पूल ओलांडून बस आधी चक्रतीर्थाला घेतली. वरणगावच्या सरकारी फॅक्टरीतली बरीच कुटुंबं एलटीसीवर, म्हणजे प्रवास सवलतीवर आली होती. त्यातल्या एका चार्जमनसाहेबांनी मला बाजूला घेतलं. "मॅनेजर, आम्ही फिरायला आलोय, कुणाच्या दहाव्याला नाही. मुलं पाण्यासाठी रडताहेत." त्यांचंही चूक नव्हतं. मी हात जोडले.

चक्रतीर्थाला दोन माथ्यांचा ताड होताच. नाना खडकावरून उतरताना त्यांना तो दिसला. थोडं पुढे आणखी एक. आणखी एक. नाना तिथेच खाली बसले. ज्या खुणेवर चार वर्षं काढली ती खूणच नव्हती. त्यांच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. आपण कशाला तोंड उघडलं, असं तेव्हा पहिल्यांदा वाटलं.

मी अक्कांना म्हणालो, "थोडं थोडं पाणी सगळीकडे ओतू या. तीन-चारच किनारे आहेत. कुठेतरी पोचेलच."

"घागर एक शे, भाऊ," अक्का म्हणाल्या. "पोऱ्याबी एकच व्हता. त्याले वाटीसन कसं देऊ?"

नागव्याला पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. घास-पाणी दुपारच्या आत द्यायचं असतं, म्हणून नाना घाबरे झाले होते. पोरं ओरडत पाण्याकडे पळाली. चार्जमनसाहेबही पँट दुमडून गेले. गफूरभाई बसला टेकून बिडी ओढत होते. अक्का खाली उतरल्या आणि दाराशीच थांबल्या. त्यांनी समुद्राकडे पाहिलंही नाही.

"भाऊ, तुम्हनी गाडी दरसाल कोठे उभी ऱ्हास?"

"इथेच, अक्का."

"दुसऱ्यासन्या गाड्या?"

"त्याही इथेच. बस वळायला दुसरीकडे जागा नाही."

"मंग तोबी आठेच उतरना व्हई."

दोन वर्षं मी या धंद्यात होतो; किनारा टर्निंगवरून निवडतात हे गमतीनं सांगायचो. कुणाचा मुलगा कुठल्या पाण्यात उतरणार, हेही त्यावरूनच ठरतं, हे तोवर डोक्यात आलं नव्हतं.

अक्का खाली बसल्या. वाळू अजून लांब होती; तिथे माती होती, डिझेलचे डाग होते, नारळाच्या सोललेल्या कवट्या पडल्या होत्या. नाना म्हणाले, "अवं, पानी तिकडे शे."

"तिकडे कोठे गया, ते कोनले म्हाईत नही," त्या म्हणाल्या. "आठे तो हासत उतरना व्हई. आठेच देस त्याले."

त्यांनी घागर ओतली. सावकाश, शेवटचा थेंब पडेपर्यंत. कोरड्या मातीनं ते पाणी तेव्हाच पिऊन टाकलं. अक्का म्हणाल्या, "बघा, कितली तहान व्हती." मग रिकामी घागर पोटाशी धरून त्या रडल्या. चार वर्षांत पहिल्यांदाच रडत होत्या, असं नाना मला म्हणाले.

संध्याकाळी सोमनाथच्या रस्त्यावर, उना गावाच्या पुढे चहाला थांबलो. गफूरभाईंनी कप हातात घेतला, पण पीत नव्हते.

"साहेब, तो लडका चार साल पहिले बुडाला ना? उन्हाळ्यात?"

"हो."

"मी तेव्हा दुसऱ्या मालकाकडे होतो. त्या उन्हाळ्यात पुलाचं काम चालू होतं. मोठी गाडी पुलावर सोडतच नव्हते. यात्रेच्या झाडून साऱ्या बस घोघल्याला उभ्या राहायच्या. लोक तिथेच पाण्यात जायचे."

मी कप खाली ठेवला. "मग तिथे का बोलला नाहीत?"

"घोघल्याला मी नाक्यावर होतो, मला काय माहीत? तुम्ही फक्त बीच वाढले म्हणालात. चार सालची गोष्ट नागव्याला कळली, तोवर माईनं फडकं सोडलं होतं. काय बोलणार?"

गाडी वळवता आली असती. घोघला फार लांब नव्हतं. पण वळवून काय करणार होतो? घागर रिकामी होती आणि त्यांच्या विहिरीचं पाणी चाळीसगावकडे होतं. बसमध्ये अक्का खिडकीला डोकं लावून झोपल्या होत्या. निघाल्यापासून मी त्यांना झोपलेलं पाहिलं नव्हतं. मी गफूरभाईंना म्हणालो, चला.

पावसाळ्यात नाना जळगावला आले होते, तेव्हा मुद्दाम ऑफिसात डोकावले. चहा घेतला. म्हणाले, "ती आता रातले उठस नही. बठ्ठं बराबर व्हयनं. तुम्ही व्हतात म्हनीसन जागा सापडनी. नहीतर आम्ही पहिलाच ठिकाने ओतीसन मोकळा व्हतूत."

मी मान डोलावली.

"जागा तीच व्हती ना, भाऊ?"

"तीच, नाना," मी म्हणालो.

टूर मॅनेजरला प्रत्येक ठिकाणाची माहिती पाहिजे, असं शेठ नेहमी सांगायचे. ती कुठे सांगायची नाही, हे त्यांनी शिकवलं नव्हतं. मी ते उशिरा शिकलो, आणि तेही दुसऱ्याच्या घागरीवर.