आक्काचा उजवा हात

"आक्का, तुला कोणत्या औषधाचं वावडं आहे?" निघायच्या महिनाभर आधी मी फोनवर विचारलं.

"मला कारल्याचं वावडं हाय," ती म्हणाली.

आक्का माझी थोरली बहीण. वय सहासष्ट. श्रीगोंद्याजवळ तिचं सासर, घरचा ऊस. मी तिच्याहून आठ वर्षांनी लहान, संगमनेरला राहते, जिल्हा परिषदेच्या शाळेतून नुकतीच निवृत्त झालेली. पुण्याच्या एका टूरबरोबर आम्ही दोघी आठ दिवसांसाठी व्हिएतनामला निघालो होतो. दाजींना विमानाचं नाव काढलं तरी घाम फुटायचा, आणि माझ्या नवऱ्याचे गुडघे जिना चढतानाच कुरकुरायचे. म्हणून दोघी बहिणीच.

"मागं कंबर धरली तेव्हा इंजेक्शन दिलं आणि तुझं तोंड सुजलं होतं. त्याचं नाव हवंय मला."

"ते हितं झालं हुतं. तिथं मी फिराया चाललीय, दवाखान्यात न्हाई. निघायच्या आधीच पडायची तयारी लावलीय बाईनं! असं बोलू न्हाई."

मी ऐकलं नाही. तीस वर्षं पोरांच्या सहली नेल्या होत्या, आणि ज्या सहलीला औषधांचा डबा विसरला त्याच सहलीला कुणाचं तरी डोकं फुटलं होतं. दाजींनी पत्र्याच्या पेटीतून जुना केसपेपर शोधून त्याचा फोटो पाठवला. इंजेक्शनचं नाव निघालं. आक्काच्या बीपीच्या गोळ्या डॉक्टरांकडून इंग्रजीत लिहून घेतल्या. प्रवास विमा काढला, आणि त्याची बारीक अक्षरातली चार पानं भिंग लावून वाचली. दवाखान्यात भरती व्हायच्या आधी कंपनीला फोन करा, असं त्यात होतं. तो फोन इंग्रजीत करावा लागणार, म्हणून मी वाक्यं लिहून काढली आणि आरशासमोर मोठ्यानं म्हटली. नवरा पेपरमागून हसत होता.

मुलीनं मोबाईलवर भाषांतर करून एक कार्डही छापून दिलं. व्हिएतनामी भाषेत, की या बाईंना अमुक औषधानं सूज येते, ते देऊ नका. मला त्या मोबाईलचा भरवसा वाटेना. पहिल्याच दिवशी तिथल्या गाईड बाईंना मी ते वाचायला दिलं. त्या खुदकन हसल्या. 'हे औषध दिल्यावर या बाई जाड होतात' असं काहीतरी त्यात उमटलं होतं. त्यांनी पेनानं ओळ खोडून नीट लिहून दिली.

तिसऱ्या दिवशी आक्का पडली.

एका डोंगरातल्या गुहेत देऊळ होतं. उतरताना दगडी पायऱ्या ओल्या होत्या. मी दोन पायऱ्या पुढे. मागून चप्पल सरकल्याचा आवाज आला आणि मी वळेपर्यंत आक्का उजव्या हातावर पडली होती. ओरडली नाही. फक्त म्हणाली, "आई गं, हात गेला."

मी मनगट बघितलं. पालथा घातलेला चमचा दिसावा तसं ते वाकडं झालं होतं. चारपाच जण धावले. एकानं तिला काखेतून उचलायला हात घातले.

"उचलू नका!" मी ओरडले. वर्गात सुद्धा असा आवाज मी कधी लावला नव्हता. "आधी मला बघू द्या."

डोकं आपटलंय का, पाय हलतात का, बोटांना स्पर्श कळतो का, सगळं विचारलं. शाळेतल्या प्रथमोपचाराच्या शिबिरात मी हे दरवर्षी शिकत आले होते आणि दरवर्षी वाटायचं, कशाला. पिशवीत माहितीपुस्तक होतं, जाड कागदाचं. ते हाताखाली पन्हाळीसारखं दुमडलं, रुमालांनी बांधलं, आणि माझी ओढणी तिच्या गळ्यात अडकवून हात झोळीत घेतला. आक्का माझ्याकडे टक लावून बघत होती, म्हणून मी चेहरा हलू दिला नाही.

गाडीत बसल्यावर खरी अडचण समोर आली. त्या हातात आठ हिरव्या बांगड्या होत्या आणि एक सोन्याची पाटली. मनगट डोळ्यांदेखत फुगत होतं. उन्हाचं क्रीम चोपडून पाटली निघाली, मागोमाग चार बांगड्या निघाल्या. उरलेल्या चार रुतून बसल्या. बोटांची टोकं काळीनिळी दिसायला लागली.

"आक्का, या वाढवाव्या लागतील."

"न्हाई." तिनं डोळे मिटले. "त्ये तिकडं एकटं हायेत. परक्या मुलखात बांगड्या वाढवायच्या न्हाईत. मला दुखलं तरी चालंल."

"दुखण्याचं नाही गं. रक्त पोचत नाहीये. बोटं जातील."

"जाऊ दे."

चाळीस वर्षं तिचं ऐकत आले होते मी. माझं डी.एड. व्हावं म्हणून दाजींशी भांडलेली बहीण ही. तिच्याशी वाद घालायला माझी जीभ रेटत नव्हती. पण हात तर सोडवायचा होता. मी दाजींना व्हिडिओ कॉल लावला. ते उसाच्या फडात उभे होते, डोक्याला टॉवेल. मी दोन वाक्यांत सांगितलं आणि मोबाईल आक्कासमोर धरला.

दाजींनी डोक्याचा टॉवेल काढून तोंड पुसलं. मग घसा खाकरून म्हणाले, "अगं, मी हितं ठनठनीत उभा हाय, बघ की. वाढव म्हनावं. हात ऱ्हायला तर बांगड्या काय, कोपरापातूर भरू."

"तुमाला काय व्हनार न्हाई ना?"

"मला भूक लागलीय, तेवढंच."

आक्का रडता रडता हसली आणि हात पुढे केला. ड्रायव्हरकडून पक्कड घेतली. बांगडीखाली रुमालाची घडी सरकवली, वरून दुसरा रुमाल धरला, आणि एकेक बांगडी दाबली. चार वेळा कट असा आवाज झाला. प्रत्येक वेळी तिनं डाव्या हातानं माझा गुडघा आवळला. थोड्या वेळानं बोटं पुन्हा लालसर झाली.

तिला गाडीत टेकवून मी विम्याचा फोन लावला. पलीकडची बाई म्हणाली, थांबा. गाणं वाजलं. पुन्हा थांबा. टूर मॅनेजर म्हणाला, "मॅडम, नंतर करू." मी म्हटलं, "नंतर नाही." पाठ केलेली वाक्यं आठवेनात, पण पिशवीत कागद होता. वाचून दाखवलं. पॉलिसीचा नंबर, कुठे आहोत, काय झालं. दवाखान्याच्या दारात गाडी थांबेपर्यंत दाव्याचा क्रमांक माझ्या तळहातावर पेनानं लिहिलेला होता.

डॉक्टर तरुण होते, इंग्रजी जेमतेम. एक्सरेत मनगटाजवळचं हाड मोडलेलं दिसलं. नर्सनं सिरिंज भरायला घेतली तसं मी कार्ड पुढे केलं. तिनं वाचलं, डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टरांनी मान हलवून ती बाटली बाजूला ठेवली आणि दुसरी मागवली. ते तेच औषध होतं की नाही, मला आजही माहीत नाही. भूल देऊन त्यांनी हाड ओढून बसवलं आणि अर्धं प्लास्टर घातलं. विमानात हात सुजतो, म्हणून पूर्ण नको, असं त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. मी एक्सरे, रिपोर्ट आणि प्रवासाला हरकत नसल्याची चिठ्ठी मागून घेतली. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि मनसोक्त रडले.

टूर मॅनेजरनं सुचवलं, दोघींना लवकर परत पाठवू. मीही तयार होते. आक्का पलंगावरून म्हणाली, "मी काय हातावर चालती व्हय?"

उरलेले दिवस तिनं हात उशीवर ठेवून बसमधून आणि होडीतून देश बघितला. मी तिची वेणी घातली, साडी नेसवली, भात भरवला. दुसऱ्या दिवशी घास मध्येच थांबवून ती म्हणाली, "एक सांग. त्या पायरीवर तू पडली असतीस तर?"

मी पिशवीतली कागदांची फाईल उघडली. फाईल सगळी तिच्यासाठी होती. माझ्या औषधांचा कागद त्यात नव्हता. आणि फोन लावणार कोण? आक्काला माझा मोबाईल उघडताही येत नव्हता.

"मला शिकव," ती म्हणाली. "आत्ता."

ती जेवायची थांबली आणि शिकायला बसली. डाव्या अंगठ्यानं लॉक उघडायचं, विम्याचा नंबर शोधायचा, हिरवं बटण दाबायचं. इंग्रजी वाक्य एकच पाठ केलं: "माय सिस्टर इज हर्ट, कम फास्ट." होडीत, बसमध्ये, विमानतळाच्या रांगेत ती ते पुटपुटत राहिली. शेजारचे प्रवासी दचकून माझ्याकडे बघायचे.

सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं तेव्हा मनगट लाकडासारखं ताठ होतं. व्यायामाची ताई गरम पाण्यात हात बुडवून मुठी मिटायला लावायची. आक्काच्या डोळ्यांत पाणी यायचं, पण मोजलेल्या मुठींतली एकही तिनं चुकवली नाही. बघायला आलेली जाऊ म्हणाली, "या वयात गेलीसच कशाला?"

"पडाया न्हवते गेले," आक्का म्हणाली, "बघाया गेल्ते. आनि बघून आले."

हात पूर्वीइतका वळत नाही. भाकरी थापताना एक कड जाड राहते. दाजी ती कड आधी मोडून खातात.