अँटीव्हायरसने मराठी कोंडली तेव्हा

लालबागला माझं डीटीपीचं दुकान होतं. दुकान म्हणजे चाळीच्या जिन्याखालचा गाळा. उंच गिऱ्हाइकाला आत येताना मान वाकवावी लागे. त्यात एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, दोन स्टुलं आणि त्यातल्या एकावर माझे बाबा. लग्नपत्रिका, सत्यनारायणाची आमंत्रणं, तेराव्याची पत्रकं, मंडळांचे अहवाल, सगळं काम मराठीतलं. कधीमधी कुणाचा इंग्रजी बायोडेटा आला की मला सुटी मिळाल्यासारखं वाटायचं, कारण इंग्रजी टाइप करताना अँटीव्हायरस माझ्याशी भांडत नसे.

ह्या अँटीव्हायरसबद्दल मला आजही नीट मत बनवता आलेलं नाही. तो असावा की नसावा, असं कुणी विचारलं की मी त्या दिवशीच्या लहरीप्रमाणे उत्तर देते.

आधी तो नव्हता. लोक पेन ड्राइव्ह घेऊन येत, आणि त्यात काय काय भरलेलं असे ते त्यांनाही ठाऊक नसे. एकदा एका नवऱ्यामुलाच्या पेन ड्राइव्हमधून काहीतरी आलं आणि माझे सगळे फोल्डर दिसायचे बंद झाले. जागेवर त्यांच्या नावाच्या नुसत्या पाट्या. क्लिक करा, आत काही नाही. आठवडाभराचं काम पुन्हा केलं आणि त्या नवऱ्याला मनातल्या मनात काय काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मग परळच्या एका कॉम्प्युटरवाल्याने येऊन अँटीव्हायरस घालून दिला.

आणि मशीन मंदावलं. पत्रिकेच्या डोक्यावरचं ‘श्री’ उमटेपर्यंत समोरच्या हॉटेलातून चहा येऊन प्यायला होई. जेवायला डबा उघडला की ह्याला नेमकी तपासणीची हुक्की यायची. शिवाय दर थोड्या वेळाने कोपऱ्यातून एक चौकट वर यायची आणि सांगायची, तुमचा कॉम्प्युटर सुरक्षित आहे. जो माणूस दिवसातून इतक्या वेळा ‘मी प्रामाणिक आहे’ म्हणतो, त्याच्यापासून मी तरी पर्स लांब ठेवते.

बाबांना मात्र तो फार आवडला. बाबा कापडगिरणीत साळखात्यात होते, साचे म्हणजे माग चालवायचे. गिरण्यांच्या मोठ्या संपानंतर गिरणीने त्यांना परत घेतलं नाही. नंतर त्यांनी मिळेल ते केलं, वय झालं तसे घरी बसले, आणि घरी करमेना म्हणून माझ्या दुकानात येऊन बसू लागले. मला चौकटींचा वैताग, त्यांना त्यांची उत्सुकता. कोपऱ्यात काही हललं की चष्मा पुढे.

“ह्यो मगाधरना काय बोंबलता?” ते विचारत. आम्ही मूळचे मालवणी मुलखातले. मी मुंबईचं मराठी बोलते, बाबांनी गावची बोली कधी सोडली नाही.

“व्हायरस नाही म्हणतोय.”

“नाय तर गप बसाक काय होता तेका?”

हा प्रश्न मलाही पडलेला होता. मग त्यांचे पुढचे प्रश्न यायचे. हे व्हायरस करतं कोण? त्याला त्यातून गावतं काय? माझी पत्रिका बिघडवून त्याचं कुठलं पोट भरतं? “म्हणजे औषध इकणारोच रोग लावता की काय?” संप बघितलेल्या माणसाला मालकाच्या बाबतीत कुठलीही शंका सहज येते. मी म्हटलं, तसं म्हणणारे बरेच आहेत, खरं-खोटं मला माहीत नाही. सापडलेल्या व्हायरसला हा मारत नाही, कोंडून ठेवतो, हे कळल्यावर बाबांनी बराच विचार केला.

“आणि जेवाक कोण घालता?”

आता खरी भानगड सांगते. तेव्हा मराठी टाइप करायला एक वेगळा प्रोग्राम लागायचा. मी त्याला मराठीचा प्रोग्राम म्हणायची. तो मशीन सुरू झाल्यापासून पाठीमागे गुपचूप बसून राही आणि माझं बोट पडेल ते प्रत्येक बटण बघे. मी ‘के’ दाबला की तो मधल्या मध्ये झेलायचा आणि पडद्यावर ‘क’ ठेवायचा. त्याचे फॉण्टही तोच सोबत घेऊन यायचा. तर अँटीव्हायरसने ठरवून टाकलं की हाच चोर, आणि त्यालाच कोंडलं.

मी चिडून परळवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, “ताई, टेन्शन नका घेऊ. त्याच्याकडे चोरांचे फोटो असतात ना, ते जुन्या चोरांचे. नवा चोर कसा पकडणार? मग तो वागणं बघतो. कोण गुपचूप बसलाय, कोण प्रत्येक बटण बघतोय. पासवर्ड चोरणारा पण हेच करतो आणि तुमचं मराठी पण हेच करतं. त्याला काय घंटा फरक कळणार?”

राग आला होता, पण हे ऐकून मला मजाच वाटली. दुसऱ्याचं बोलणं लक्ष देऊन ऐकणारा माणूस दुभाष्या आहे की चहाडखोर, हे लांबून कसं ओळखायचं? चाळीत जन्म काढूनही मला ते ओळखता येत नाही. मग त्या बिचाऱ्या प्रोग्रामकडून काय अपेक्षा करणार. परळवाल्याने मराठीचं नाव ‘ह्याला हात लावू नये’ अशा यादीत घातलं आणि तो गेला. पण अँटीव्हायरस इंटरनेटवरून ताजा झाला की कधीकधी ती यादी विसरायचा, आणि माझी मराठी पुन्हा आत जायची.

त्याच सुमारास आमच्या गल्लीतल्या गणेशोत्सव मंडळाचा सुवर्णमहोत्सव आला. अहवालात जुन्या लोकांचे लेख घ्यायचे ठरलं. मंडळाचे सेक्रेटरी बाबांना म्हणाले, संपाच्या दिवसांत मंडळ कसं चाललं, ते तुम्ही लिहा. बाबा म्हणाले, मी बोलतो, पोरगी लिहील.

मी हो म्हटलं, पण मला मंडळाचं काही पडलं नव्हतं. संपाच्या वर्षी बाबांनी आईला आणि मला गावी पाठवलं होतं. गिरणगावातल्या कितीतरी घरांनी तेच केलं. मी तिसरीत होते. आमच्याकडे चाकरमानी माणूस चतुर्थीला घरी येतो म्हणजे येतोच. त्या वर्षी गावातले संपावरचे बापेही कसेबसे आले. माझे बाबा आले नाहीत. निरोप नाही, काही नाही. आईने कारण विचारू दिलं नाही, आणि मुंबईला परतल्यावर घरात संपाचं नाव काढायचीच चोरी होती. मी आपली मनात धरून बसले की बाबांना माझ्यापेक्षा संप प्यारा होता. त्याचा राग मला खूप वर्षं होता. तेव्हा लेखाच्या निमित्ताने बाबा त्या वर्षापर्यंत पोचले, तर मला माझं उत्तर मिळेल, एवढाच माझा स्वार्थ.

बाबा सांगायला बसले की भलतेच साहेबी मराठी बोलत. “सदर वर्षी मूर्ती लहान आणण्याचा निर्णय घेण्यात आला.” वर्गणी न घेता लोकांनी तांदूळ दिले, रोषणाईऐवजी समया लावल्या, असं सगळं सांगून झालं. एके दुपारी ते म्हणाले, “आता संपकाळातील कुटुंबांविषयी घे.” माझी बोटं बटणांवर तयारच होती.

आणि कोपऱ्यातून लाल चौकट वर आली. धोका आढळला, धोका दूर केला. मशीन आपसूक बंद होऊन पुन्हा सुरू झालं. मी फाइल उघडली तर बाबांचा सगळा लेख रोमन अक्षरांच्या चिखलात गेलेला. डोक्यावर दोन टिंबं असलेली ओ, शेपटीवाली सी, प्रश्नचिन्हं, कंस.

बाबा वाकून बघत राहिले. “ही खयची भाषा?”

“तुझंच बोलणं आहे, बाबा. मराठीला परत कोंडलंन मेल्याने.”

मी परळवाल्याला फोन लावला. तो चिंचपोकळीला एका ऑफिसात अडकला होता, संध्याकाळपर्यंत येतो म्हणाला. मी त्या अँटीव्हायरसला, तो बनवणाऱ्याला आणि त्याच्या सात पिढ्यांना शिव्या घातल्या. अगदी त्याच वाक्यावर! रडू यायचंच काय ते बाकी होतं. मी बटणं पुढे ढकलली आणि हात मांडीवर ठेवून बसले.

बाबा पडद्याकडे बोट करून म्हणाले, “आता ह्येका काय ऐकाक येणा नाय मा?”

“नाही. काही लिहिता येत नाही.”

“त्या वर्षी मी इल्लंय गो,” ते म्हणाले.

कुठल्या वर्षी, कुठे आले होते, ते मला आधी कळलंच नाही. संपात ते शिवडीच्या गोदामांवर हमालीला जायचे. चतुर्थीच्या आधी तिथला गोव्याला निघालेला एक ट्रकवाला त्यांना फुकट घेऊन आला आणि सकाळी आमच्या तिठ्यावर उतरवून गेला. तिथून घर चालत थोडंसंच. ते निघाले, तर समोरून आम्ही शाळेची पोरं येत होतो. ते मला हाक मारणार, तेवढ्यात मी मोठ्याने बाकीच्यांना सांगत होते, “माझो बाबा चतुर्थीक येतलो, पेटी भरून खाऊ हाडतलो, माका फ्रॉक हाडतलो.”

“हातात काय नाय होता माझ्या,” बाबा म्हणाले. “फणसाच्या मागे उभो रवलंय. तुमी पोरां गेलास, मगे मी परत फिरलंय.”

मला ते बोलणं आठवत नव्हतं. तसं मी रोजच बोलत असणार. मला एकदम खूप राग आला, पण तो कुणावर काढायचा ते कळेना.

“तू यायला हवं होतंस,” मी म्हटलं. “मी काही तुझे हात बघितले नसते.”

“बघले असतंस,” बाबा अगदी शांतपणे म्हणाले. “सगळीच पोरां पयले हात बघतत. ता काय पोरांचो गुन्हो नाय.”

ते खरं होतं. मी हातच बघितले असते. मी तोंड वळवून प्रिंटरमधले कागद उगाचच सारखे करत बसले. बाबांनी समोर हाक मारून दोन चहा सांगितले.

आता अँटीव्हायरसचं. त्याने माझ्या दुकानात किती खरे चोर पकडले, मला सांगता येणार नाही. जे आलेच नाहीत ते मोजायचे कसे? वैताग मात्र भरपूर दिला. काही वर्षं मी तो काढूनही टाकला होता, मग भीती वाटून परत घातला. पण बटणं चालू असती तर बाबा ‘निर्णय घेण्यात आला’च्या मराठीत काहीतरी सांगून पुढे गेले असते, हे मला पक्कं माहीत आहे. त्यामुळे त्याच्याबद्दल वाईट बोलताना माझी जीभ जराशी अडखळते.

परळवाला संध्याकाळी आला, मराठी सोडवून गेला. चिखलाची पुन्हा अक्षरं झाली. दुसऱ्या दिवशी बाबा स्टुलावर ताठ बसले, घसा खाकरला आणि सांगू लागले, “संपकाळात अनेक कामगारांनी आपली कुटुंबे गावी पाठविली होती. पूर्णविराम. आता विसर्जनाचा घे.”

मी वाक्य टाइप करून थांबले. “एवढंच?”

“अहवालाक एवढा पुरे,” बाबा म्हणाले. “बाकीचा तुका ठाऊक आसा.”